दोऱ्याखालची फूट

सकाळी पडदा सरकवला तर हिरवळीवर पांढरं काहीच नव्हतं. मी हुश्श केलं. रात्रभर धास्ती होती ती हिमकणांच्या त्या पांढऱ्या थराची. तो नाही म्हणजे आपण सुटलो, असा माझा साधा हिशोब. चहा घेऊन निवांत बाहेर आले आणि हायड्रेंजियापाशी थबकले. पानं होती, हिरवी होती, पण तो हिरवा रंग कालचा नव्हता. गडद, ओलसर, आतून पाणी भरल्यासारखा. एक पान बोटात धरलं तर ते लुळं पडलं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या पाल्यासारखं. दहा वाजेपर्यंत कडा काळ्या पडल्या. दुपारी सगळं झुडूप खाली मान घालून उभं होतं आणि जवळ गेलं की शिजलेल्या पाल्याचा मंद वासही येत होता.

हवा कोरडी असली की असंच होतं, हे मला तोवर फक्त वाचून ठाऊक होतं. हवेत ओलच नसेल तर पानांवर हिमकण जमत नाहीत, पण पानं गोठायची थांबत नाहीत. उलट कोरड्या हवेत रात्रीचं तापमान आणखी झरझर उतरतं. पांढरी गोठण निदान सांगून येते. ही काळी गोठण येऊन गेली हे कळतं ते दुपारी.

खरं तर ही गोष्ट त्या रात्रीची नाहीच. ती सुरू झाली तीन आठवडे आधी, एका फार सुंदर दुपारी.

हिवाळा संपतासंपता अचानक ऊन तापायला लागलं. अंगातला स्वेटर निघाला, खिडक्या उघडल्या. सलग सतरा-अठरा दिवस अशी हवा होती की घरात बसवेना. मॅग्नोलियाच्या केसाळ कळ्यांची टोपरी गळून पडली. लायलॅकच्या झुडपावरच्या प्रत्येक डोळ्यातून, म्हणजे मिटलेल्या अंकुरातून, हिरवं टोक डोकावू लागलं. जपानी मेपलची पानं तर बाळाच्या मुठी उघडाव्यात तशी एकेक उलगडत होती. मी आनंदाने वेडी झाले होते, हे कबूल करायला हवं. हायड्रेंजियावरची गेल्या वर्षीची वाळलेली फुलं थंडीपासून खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देतात, म्हणून ती हिवाळाभर ठेवायची असतात. मी ती कापून टाकली. बुडाशी घातलेलं पानांचं आच्छादन ओढून काढलं, ‘आता मोकळा श्वास घे’ म्हणून. वर खतही दिलं. झाडं फसत होतीच, मी त्यांना हाताला धरून पुढे नेत होते.

झाडं फसतात म्हणजे काय होतं, हे समजून घेतलं तर त्यांचा राग येत नाही. थंड प्रदेशातलं झाड हिवाळ्यात नुसतं झोपलेलं नसतं, ते मोजत असतं. साधारण ७ अंशांच्या खाली किती तास गेले, याची काहीतरी नोंद डोळ्यांमध्ये होत असते. ठरावीक तास भरेपर्यंत बाहेर कितीही ऊब आली तरी डोळा हलत नाही. हिवाळ्याच्या मध्यावर चार दिवस ऊन पडलं म्हणून सफरचंद फुलत नाही, ते याच कुलपामुळे. पण एकदा का तास भरले की कुलूप निघतं, आणि मग झाड फक्त उबेची वाट पाहत राहतं. ऊब आली की चाललं. पुढे काय वाढून ठेवलंय, ते त्याला दिसत नाही. आपल्याला तरी कुठे दिसतं? आपल्याकडे निदान अंदाज सांगणारी माणसं आहेत, आणि तरीही मी खत घातलं.

पुढे जाणं म्हणजे चिलखत उतरवणं. हिवाळ्यातला सफरचंदाचा मिटलेला डोळा उणे २५ अंशही सोसतो. तोच डोळा फुगला, हिरवं टोक दिसलं, कळी गुलाबी झाली की प्रत्येक पायरीला त्याची सहनशक्ती उतरत जाते. पूर्ण उमललेल्या फुलाला उणे २ अंशांच्या आसपास अर्धा तास मिळाला तर दहातलं एखादं मरतं, आणि उणे ४ अंशांना दहातली नऊ. मधलं अंतर जेमतेम दोन अंश. जानेवारीत ज्या थंडीची झाडाने दखलही घेतली नसती, तिच्या पासंगालाही न पुरणारी थंडी वसंतात त्याचा घात करते. म्हणून ‘थंडीने मारलं’ हे वाक्य मला आता अर्धवट वाटतं. आधी उबेने चिलखत उतरवून घेतलं होतं.

त्या रात्रीच्या अंदाजात किमान तापमान २ अंश लिहिलं होतं. दोन म्हणजे शून्याच्या वर, असं म्हणून बरेच लोक झोपले असतील. मीही झोपले असते, पण संध्याकाळी अंगणात उभी राहिले तर वारा पूर्ण पडलेला, आकाश घासूनपुसून स्वच्छ, आणि तारे असे लखलखीत की पोटात गोळा आला. ढग म्हणजे जमिनीवरचं पांघरूण. ते नसलं की दिवसभर साठवलेली उष्णता सरळ आकाशात निघून जाते. जमीन, गवत, पानं हे सगळं आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतं. अंदाजातला आकडा असतो माणसाच्या डोक्याच्या आसपासच्या उंचीवरच्या हवेचा. खाली गवताच्या पात्याजवळ तेव्हाच तीन-चार अंश कमी असू शकतात. झाडांना काही तो आकडा वाचून दाखवता येत नाही.

मग सुरू झाली आमची वरात. घरातल्या जुन्या चादरी, एक फाटका पडदा, दोन टॉवेल, आणि शेवटी कमी पडलं म्हणून कपाटातली बरी चादरसुद्धा. नवरा टॉर्च धरून मागे उभा.

“ही नवी आहे ना?”

“धुतली की नवीच.”

“लांबून बघितलं तर अंगणात भुतांची सभा भरलीय असं वाटतंय.”

“बोलू नकोस, तो कोपरा धर.”

घाईत मी एक चूक केली, ती दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसली. फाटकाजवळच्या अझेलियाच्या झुडपावर पडदा नुसता टाकला होता, चारी बाजूंनी जमिनीला टेकलेला, कडेला विटा ठेवून. हायड्रेंजियाला मात्र मी गाठोड्यासारखं बांधलं. चादर वरून घातली आणि खाली बुंध्याशी सुतळीने आवळली, उडू नये म्हणून. उडायला वारा होता कुठे? आणि झाकण्यामागचं सगळं गणितच उलटं झालं. चादर झाडाला ऊब देत नाही, झाड काही आपल्यासारखं अंगातून उष्णता सोडत नाही. चादर अडवते ती जमिनीतून वर येणारी उष्णता. बुंध्याशी आवळली की जमिनीची ऊब बाहेर राहिली आणि झाड थंड पिशवीत. अझेलिया टवटवीत निघाली. हायड्रेंजियाचं काय झालं ते वर सांगितलंच.

मॅग्नोलिया झाकण्याच्या उंचीची नव्हती, तिला देवावर सोडलं होतं. तिने मला जे दाखवलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर पाहिलं तर झाडावर एक रेघ होती. माझ्या खांद्याच्या थोडी वर. रेघेखालची सगळी फुलं तपकिरी, ओल्या कागदासारखी चिकटलेली. रेघेवरची फुलं पांढरी, गुलाबी, जणू त्यांना काही खबरच नाही. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ नव्हती, एखादी फांदी इकडेतिकडे होती, पण होती. पूर आल्यावर भिंतीवर पाण्याची खूण राहते ना, तशी.

ती पुराचीच खूण होती. थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखीच उताराने वाहते, खोलगटात साठते, आडवं काही आलं की तुंबते. आमच्या अंगणाला मागच्या बाजूला थोडा उतार आहे आणि उताराच्या टोकाला फळ्यांचं गच्च कुंपण. मॅग्नोलिया त्या कुंपणापासून दोन हातांवर. रात्रभर वरून थंड हवा घरंगळत आली, कुंपणाशी अडली आणि चढत गेली, बरोबर खांद्याच्या उंचीपर्यंत. त्याच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर तरंगत होता. मोठ्या फळबागांमध्ये उंच खांबांवर पंखे बसवतात ते याच वरच्या थरासाठी. वरची ऊबदार हवा खाली ढकलायची, थंड तळं ढवळून काढायचं. माझ्याकडे पंखा नव्हता, पण कुंपणाच्या खालच्या दोन फळ्या मी त्याच आठवड्यात काढून टाकल्या. थंडीला मोरी करून दिली म्हणा.

पान गोठतं म्हणजे आत नेमकं काय होतं, याचं मला फार कुतूहल होतं. माझी समजूत अशी की पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये फुटते तशा पेशी फुटत असतील. तसं सहसा होत नाही. बर्फ आधी पेशींच्या बाहेर, त्यांच्या मधल्या पोकळीत धरतो, कारण तिथलं पाणी जास्त निर्मळ असतं. एकदा तिथे बर्फाचा खडा तयार झाला की तो आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी शोषत मोठा होत जातो. पेशी आतून कोरडी पडते, आक्रसते, तिचं आवरण टिकत नाही. म्हणजे गोठणारं पान खरं तर तहानेने मरतं. सकाळी बर्फ वितळला की ते पाणी परत आत जाऊ शकत नाही, पानभर झिरपतं. मला दिसलेला तो गडद, ओलसर रंग त्याचाच.

आणखी एक गंमत. पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेत शिकतो, पण निर्मळ पाणी बरंच खाली उतरूनही द्रवच राहू शकतं. बर्फ व्हायला काहीतरी निमित्त लागतं, कुठला तरी कण. पानांवर राहणारा एक जीवाणू, स्यूडोमोनास सिरिंगी, हे निमित्त पुरवतो. त्याच्या अंगावर असं एक प्रथिन असतं की त्याच्या आधाराने पाण्याचे रेणू उणे २ अंशांच्या आसपासच बर्फासारखे रचले जातात. संशोधकांनी या जीवाणूचं ते प्रथिन काढून टाकलेलं रूप तयार केलं आणि एप्रिल १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवूडजवळ स्ट्रॉबेरीच्या रोपांवर फवारलं. जनुकात बदल केलेला जीवाणू परवानगीने उघड्या शेतात सोडण्याची ती पहिली वेळ. आदल्या रात्री विरोधकांनी शेतात शिरून बरीच रोपं उपटूनही टाकली होती. ते औषध काही बाजारात आलं नाही. मूळ जीवाणूचं प्रथिन मात्र खपतं, ते स्कीइंगच्या डोंगरांवर कृत्रिम बर्फ पाडायला वापरतात. एकाला नको असलेलं निमित्त दुसऱ्याला हवंच असतं.

बागाईतदारांचा उपाय मला त्याहून आवडतो, कारण तो वेडेपणाचा वाटतो आणि चालतो. गोठणाऱ्या रात्री ते झाडांवर पाणी फवारतात. कळ्या बर्फात गच्च बंद होतात आणि त्यामुळेच वाचतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं. पाणी सतत गोठत राहिलं तर आतली कळी शून्याच्या आसपासच थांबते, खाली जात नाही. अट एकच, फवारा मध्ये थांबता कामा नये. थांबला, त्यात वारा सुटला, तर तेच पाणी वाफ होताना गोठताना दिलेल्या उष्णतेच्या सातपट उष्णता ओढून नेतं, आणि न फवारलेल्या झाडापेक्षा फवारलेलं जास्त मरतं. घरच्या बागेत नळी घेऊन हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटे तीनला झोप लागली की संपलं. त्यापेक्षा आदल्या दिवशी मातीला नीट पाणी द्यावं. ओली, उघडी माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री परत देते.

फ्रान्समधल्या शॅब्लीच्या द्राक्षमळ्यांचे रात्रीचे फोटो पाहिलेत का? ओळीओळींनी पेटवलेल्या मोठ्या मेणबत्त्या, टेकडीच्या टेकडी लुकलुकणारी. दिसायला दिवाळी, असते ती जागरणाची रात्र. २०२१ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे अशाच रात्री आल्या. त्याआधी मार्चच्या शेवटी फ्रान्समध्ये मार्चमधल्या उष्णतेचे विक्रम मोडले होते. वेली फुटल्या होत्या, जर्दाळू फुलून फळं धरायला लागले होते. मग थंडी. तिथल्या कृषिमंत्र्यांनी तिला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुधा सर्वांत मोठी शेतीची आपत्ती म्हटलं. अमेरिकेच्या पूर्व भागात २००७ मध्ये हेच झालं होतं. अतिशय ऊबदार मार्च, मग ४ ते १० एप्रिलची थंडी, आणि २ अब्ज डॉलरच्या आसपास पिकांचं नुकसान. त्या वर्षी जंगलातली मोठी झाडंसुद्धा वसंतात पुन्हा तपकिरी झाली होती.

जग तापतंय म्हणजे गोठणं तरी कमी होईल, असं मला वाटायचं. २०२१ च्या घटनेचा अभ्यास करणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. तापमानवाढ नसती तर एप्रिलमधली ती थंडी एखाद-सव्वा अंशाने अधिक कडक असती. आणि तरीही, उमललेल्या डोळ्यांवर अशी थंडी येण्याची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे. कारण थंडी थोडी मागे सरकली, पण पालवी त्याहून जास्त पुढे आली. माझ्या सतरा-अठरा सुंदर दुपारी आठवल्या.

आता नंतरचं सांगते, कारण माझं खरं नुकसान नंतर होतं, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी असाच फटका बसला होता. तेव्हाचा मेपल लहान होता, माझ्या कमरेएवढा, आणि माझा फार लाडका. एका रात्रीत त्याची सगळी पानं करपली. चार दिवसांनी ती कुरकुरीत होऊन गळली. उघड्या काड्या बघवेनात. रोज सकाळी खिडकीतून पहिली नजर तिथेच जायची. दहाव्या दिवशी मी फावडं घेतलं आणि त्याला मुळासकट उपटलं. बाहेर काढल्यावर सहज बुंध्याची साल नखाने खरवडली. आतून हिरवी. अगदी ओली, चकचकीत हिरवी. आणि जमिनीपासून चार बोटांवर, सालीच्या घडीत, मोहरीएवढे दोन लाल ठिपके. डोळे फुगत होते. मी ते झाड परत खड्ड्यात बसवलं, माती दाबली, पाणी घातलं. मुळं तुटली होती. ते लाल ठिपके तसेच वाळले. त्याला गोठणीने मारलं नव्हतं.

झाडाकडे राखीव डोळे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. पहिली फूट गेली तर दुसरी. प्रत्येक पानाच्या बगलेत, जुन्या सालीखाली, वर्षानुवर्षं न लागलेले डोळे दडून असतात. पण ते जागे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. झाडाला ही दुसरी पालवी साठवणीतून काढावी लागते, मागच्या वर्षीच्या शिल्लक पिष्टातून. म्हणून धडधाकट झाड एक वर्ष सहज काढतं, आणि सलग दोन-तीन वर्षं असंच झालं तर मोठंही खंगत जातं. या काळात भरभरून खत घालणं म्हणजे आजारातून उठलेल्याला पंगतीत बसवणं. पाणी द्यावं, बुडाशी आच्छादन करावं आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, कपाटात ठेवावा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड.

म्हणून या वेळी मी दोरे बांधले. लाल लोकरीचे तुकडे घेतले आणि लायलॅकच्या, मॅग्नोलियाच्या, नव्या मेपलच्या ज्या ज्या फांदीबद्दल शंका आली, तिथे एकेक गाठ मारली. जिथे मला वाटतंय की जिवंत भाग संपला, तिथे. हाताला काहीतरी काम मिळालं, एवढाच त्यातला शहाणपणा. सफरचंदाची फुलं मात्र तपासून पाहिली, कारण ती वरून फसवतात. पाकळ्या शुभ्र, शाबूत, मधमाशीही येऊन गेली. फूल नखाने उभं चिरलं तर मधला दांडा काळा, काजळीच्या रेघेसारखा. फळ धरणारा भागच आधी जातो. वीस फुलं चिरली, सोळा काळी. पुढे झाड फुललेलं दिसत राहिलं आठवडाभर, आणि येणारे-जाणारे म्हणत राहिले, काय सुंदर बहर आहे.

कोपऱ्यातली तुती या सगळ्यात उघडीच उभी होती. वसंतभर मी तिला आळशी म्हटलं होतं. सगळे नटून तयार आणि हिची अजून काडीकाडी. प्राचीन रोममध्ये तुतीला सर्वांत शहाणं झाड म्हणत, कारण थंडी पुरती सरल्याशिवाय ती फुटत नाही. माझी तुती मेच्या मध्यावर तीन-चार दिवसांत सगळी पानं काढून मोकळी झाली. एकही डाग नाही.

मेपलला पाचव्या आठवड्यात फूट आली, फांद्यांच्या टोकांना नाही, मध्येच, आडव्यातिडव्या. पानं पहिल्यापेक्षा लहान आणि जास्त लाल. मॅग्नोलियाची खालची बाजू हिरवी झाली, रेघ पुसली गेली. हायड्रेंजियाने वरच्या सगळ्या काड्या सोडून दिल्या आणि बुडातून नवे धुमारे काढले, जाड, रसरशीत. यंदा तिला फूल येणार नाही. फुलांचे डोळे गेल्या वर्षीच्या काड्यांवर होते, त्यातल्या काहींना मीच उघडं पाडलं होतं.

जूनच्या शेवटी दोरे सोडायला बसले. बहुतेक ठिकाणी माझा अंदाज चुकला होता. फूट दोऱ्याच्या वर होती, कधी वीतभर, कधी हातभर. दहाव्या दिवशी कापलं असतं तर तेवढं सगळं गेलं असतं. तीन ठिकाणी मात्र दोऱ्याखालीच फूट होती, तिथे वरची वाळकी काडी कापली. लायलॅकची एक फांदी राहिली. दोऱ्याखाली दोन डोळे फुटलेत, वर काहीच नाही. वरची साल नखाने खरवडली. तपकिरी. थोडं खाली खरवडलं. तपकिरीच, पण कडेला एक बारीक रेघ हिरवट वाटली, की माझ्या नखाचाच रंग होता कोण जाणे. उन्हात धरून पाहिली. नवऱ्याला बोलावलं, तो म्हणाला, “मला तर वाळलेलीच दिसतेय.”

सिकेटर खिशात ठेवला. तो एक दोरा अजून तसाच आहे.